बेनला भूतकाळ आहे, मोसुलला नाही

नववीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत मला गाठलं. "सर, तुम्ही डार्क वुल्फ बघितली का? तो बेन त्या दाइशवाल्याला कसला उडवतो!" सांगताना त्याने हाताची बंदूक केली. मुलगा उर्दू माध्यमाचा, जुम्म्याला पहिल्या सफेत दिसणारा. मालिका त्याच्या वयाच्या मुलांसाठी नाही. पण घरात मोबाइल एक असतो आणि तो सगळ्यांचा असतो. मी म्हटलं, बघितली. तो खूश होऊन पळाला.

त्याला मी एक गोष्ट सांगितली नाही. तो प्रसंग बघताना मलाही बरं वाटलं होतं. मोसुलमध्ये दाइशने, म्हणजे आयसिसने, काय केलं हे मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. त्यांच्या हाताखाली सर्वात जास्त भरडले गेले ते तिथले मुसलमान, यजिदी आणि ख्रिस्ती. त्यामुळे पडद्यावर त्यांच्यातला एक मेला तेव्हा माझ्याही तोंडून 'बरं झालं' निघालं. नंतर मात्र ते 'बरं झालं' मला टोचत राहिलं. त्यावर विचार करायला म्हणून या मालिकेवर जे लिहिलं-बोललं गेलं ते मी वाचत गेलो. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. कथेचा थोडा उलगडा पुढे येईल, ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी सांभाळून वाचावं.

मालिका आणि तिचं स्वागत

'द टर्मिनल लिस्ट : डार्क वुल्फ' 27 ऑगस्ट 2025 रोजी प्राइम व्हिडिओवर आली. एकूण सात भाग. 2022 साली आलेल्या 'द टर्मिनल लिस्ट' या मालिकेची ही आधीची गोष्ट, म्हणजे प्रीक्वेल. मूळ कादंबरी जॅक कार यांची, 2018 सालची. कार स्वतः अमेरिकी नौदलाच्या सील तुकडीत वीस वर्षं होते. मूळ मालिकेत ख्रिस प्रॅटचा जेम्स रीस हा नायक होता आणि टेलर किचचा बेन एडवर्ड्स हा त्याचा जिगरी दोस्त. शेवटी कळतं की हा दोस्तच कटात सामील होता. प्रीक्वेल त्या बेनची आहे. चांगला सैनिक या टोकाला कसा पोचला, हा तिचा विषय.

गोष्ट इराकमध्ये सुरू होते, मोसुल दाइशच्या ताब्यात होतं त्या काळात. सुरुवातीलाच बेन एका कैद्याला नियम मोडून ठार करतो. त्यापायी त्याला नौदल सोडावं लागतं आणि तो सीआयएच्या गुप्त कामात ओढला जातो. पुढची गोष्ट युरोपातल्या शहरांत घडते. मोसादच्या दोन स्त्री अधिकारी सोबतीला आहेत आणि निशाण्यावर इराणचा अणुकार्यक्रम आहे.

मूळ मालिकेच्या वेळी समीक्षक आणि प्रेक्षक यांची उघड फारकत झाली होती. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांचा आकडा पन्नाशीच्या खाली राहिला आणि प्रेक्षकांचा नव्वदीच्या वर गेला. काही समीक्षकांनी तिला उजव्या विचारांच्या पुरुषांचं सूडाचं स्वप्न म्हटलं. कार यांनी उलट उत्तर दिलं की आपण हे समीक्षकांसाठी केलंच नव्हतं, लढून आलेल्या सैनिकांसाठी केलं होतं. प्रीक्वेलला समीक्षकांनी त्यापेक्षा बरी वागणूक दिली. किचच्या अभिनयाचं कौतुक झालं, हाणामारीच्या प्रसंगांचं झालं, युरोपातल्या हेरकथेची चव आवडली. तक्रारीही होत्या: मालिका हसायला विसरते, लष्करी परिभाषेत हरवते, नेहमीच्या वाटेनेच जाते.

हे सगळं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हा मामला अमेरिकेच्या घरातला आहे. एक बाजू म्हणते मालिका फार उजवी आहे. दुसरी म्हणते समीक्षकांना सैनिकांची किंमत नाही. इराकी माणूस या भांडणात दोन्हीकडे नाही. भांडण त्याच्या जमिनीवर चाललंय, पण त्याची साक्ष कुणी काढत नाही.

प्रीक्वेल कुणाला मिळतो?

प्रीक्वेलचं काम काय? माणसाला भूतकाळ देणं. मूळ गोष्टीत जो गद्दार ठरला, त्याच्या मागे आपण जातो. त्याची दोस्ती, त्याचं दुःख, त्याचा राग बघतो. मग त्याने जे केलं ते आपल्याला बरोबर वाटलं नाही तरी कळतं. बेनबद्दल 'नैतिक गुंतागुंत' असा शब्द जो वापरला जातो, तो इथून येतो. सात भाग त्या गुंतागुंतीसाठी दिले आहेत, आणि हे काम वाईट नाही. गुन्हेगार जन्माला येत नाही, घडतो, हे सांगणारी गोष्ट मला शिक्षक म्हणून मोलाची वाटते.

माझा सवाल एवढाच आहे की त्या मोठ्या पात्रसंचात भूतकाळ कुणाकुणाला मिळाला? बेनच्या हातून मेलेला माणूस दाइशचा आहे, एवढं आपल्याला पुरतं. तो तिथे कसा आला, सद्दामच्या फौजेतून की 2003 नंतरच्या बेकारीतून की निव्वळ क्रौर्याच्या ओढीने, हे विचारायची गरज मालिकेला वाटत नाही. मी त्याच्यासाठी सहानुभूती मागत नाही. गद्दार बेनला समजून घेण्यासाठी सात भाग खर्च करता येत असतील, तर एका शहराला समजून घेण्यासाठी दहा मिनिटं का नाहीत, एवढंच विचारतो.

मोसुलला भूतकाळ किती आहे, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. नदीपलीकडे निनवे आहे, हजरत युनुस अलैहिस्सलाम यांच्या कौमचं शहर. त्यांच्या नावाचा मकबरा तिथे होता, तो दाइशने जुलै 2014 मध्ये सुरुंग लावून उडवला. मस्लिन हा कापडाचा शब्द मोसुलच्या नावावरून आला, असं शब्दकोश सांगतात. शहराच्या मधोमध बाराव्या शतकातली अल-नूरी मशीद, नुरुद्दीन जंगीच्या नावाची, आणि तिचा कललेला मिनार अल-हदबा. याच मशिदीच्या मिंबरावरून 2014 च्या जुलैमध्ये बगदादीने खिलाफतीचा तमाशा केला. जून 2017 मध्ये पराभव समोर दिसल्यावर त्याच्याच माणसांनी मशीद आणि मिनार उडवले. युनेस्को आणि संयुक्त अरब अमिरातीच्या मदतीने मशीद पुन्हा उभी राहिली आणि 1 सप्टेंबर 2025 रोजी तिचं उद्घाटन झालं.

तारीख बघा. डार्क वुल्फचे पहिले भाग आले त्याला पाचच दिवस झाले होते. जगभरच्या पडद्यावर मोसुलच्या लढाईच्या दिवसांवर एक गोष्ट सुरू झाली होती आणि त्याच आठवड्यात खऱ्या मोसुलमध्ये मशिदीचे दरवाजे उघडत होते. मी वाचलेल्या एकाही परीक्षणात या दोन गोष्टी शेजारी आल्या नाहीत. समीक्षकांनी मुद्दाम टाळलं असं मी म्हणत नाही. त्यांना ते सुचलंच नसावं, आणि मला जास्त खटकतं ते हेच.

अस्सल म्हणजे काय?

या मालिकेच्या कौतुकात एक शब्द वारंवार येतो: अस्सल. लेखक माजी सैनिक, सल्लागार माजी सैनिक, काही भूमिकाही माजी सैनिकांनी केलेल्या. बंदूक कशी धरायची, दारातून आत कसं शिरायचं, वायरलेसवर काय बोलायचं, सगळं बरोबर. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून ते बरोबरच असेल असं धरून चालतो.

पण अस्सलपणा मोजायची पट्टी फक्त बंदुकीला का लावायची? 2015 साली 'होमलँड' या गाजलेल्या मालिकेचं चित्रीकरण बर्लिनमध्ये चाललं होतं. सीरियन निर्वासितांची छावणी उभी करायची होती. भिंतींवर अरबी मजकूर हवा म्हणून काही अरबी भित्तिचित्रकारांना बोलावलं. त्यांनी लिहिलं की होमलँड वंशवादी आहे. चित्रीकरण झालं, संकलन झालं, भाग प्रसारित झाला, तरी सेटवरच्या कुणालाच ते कळलं नाही. कारण वाचणारा कुणी नव्हता. अरबी अक्षरं त्यांच्यासाठी भिंतीचा रंग होती.

मी दोन भाषा शिकवतो. मला या किश्शाचं हसू येतं आणि मग येत नाही. ज्यांच्या भाषेतलं एक वाक्य वाचायची गरज वाटली नाही, त्यांच्याबद्दल अख्ख्या जगाचं मत त्या मालिकेने घडवलं. लिपी ही निव्वळ सजावट आणि अजान ही धोक्याची पार्श्वसंगीताची धून, हे आपण इतक्या वेळा पाहिलंय की आता खटकतही नाही.

आकडेही हेच सांगतात. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अॅननबर्ग केंद्राने 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 2018-19 च्या 200 लोकप्रिय मालिका त्यांनी तपासल्या. बोलणाऱ्या 8,885 पात्रांत मुसलमान निघाले 98. शेकडा एकाच्या आसपास. आणि त्या मूठभरांतही तीसहून अधिक टक्के पात्रं हिंसा करणारी होती.

पडद्यावरून वर्गात

यावर नेहमीचं उत्तर असतं: अहो, मनोरंजन आहे, एवढं मनावर काय घ्यायचं? याला मी दोन खऱ्या घटना सांगतो. दोन्ही अमेरिकेतल्याच.

'24' नावाच्या मालिकेचा नायक जॅक बावर कैद्यांचा छळ करून माहिती काढायचा आणि दर वेळी ती माहिती खरी निघायची. नोव्हेंबर 2006 मध्ये वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे डीन, ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन, त्या मालिकेच्या निर्मात्यांना भेटायला कॅलिफोर्नियाला गेले. तक्रार अशी की आपण वर्गात युद्धाचे कायदे शिकवतो आणि विद्यार्थी '24' चा दाखला देतात. एका जनरलला आपल्या विद्यार्थ्यांसाठी मालिकेच्या दारात जावं लागलं. माझ्या शाळेच्या मधल्या सुट्टीत जे घडलं ते त्याच जातीचं होतं, फक्त माझ्याकडे विमानाचं तिकीट नव्हतं.

दुसरी घटना थेट मोसुलची. 2017 मध्ये तिथे दाइशचा एक जखमी किशोरवयीन कैदी अमेरिकी सील तुकडीच्या ताब्यात असताना मेला. एडी गॅलाघर या सील अधिकाऱ्याने त्याला भोसकलं, असा आरोप झाला. आरोप करणारे त्याच्याच तुकडीतले सैनिक होते. 2019 च्या खटल्यात गॅलाघर खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटला. मृतदेहासोबत फोटो काढल्याबद्दल तेवढा दोषी ठरला आणि पद उतरवलं गेलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ते पद परत मिळवून दिलं, आणि त्या वादात नौदलाच्या सचिवांना जावं लागलं.

न्यायालयाने निकाल दिला, त्यावर मी बोलणार नाही. मला त्या साथीदारांचं अप्रूप वाटतं ज्यांनी आपल्याच माणसाविरुद्ध तोंड उघडलं. कैदी कुणीही असो, कैदी असतो, हे त्यांना माहीत होतं. आपल्या दीनमध्येही कैद्याबद्दलची ताकीद साफ आहे. कुरआनने मिस्कीन आणि यतीम यांच्यासोबत कैद्याला जेवू घालणं नेकीमध्ये मोजलंय. बेनच्या गोळीवर 'बरं झालं' म्हणताना मी हे सगळं विसरलो होतो. मालिकेने मला दोन मिनिटांत विसरायला लावलं. याला कसब म्हणतात आणि म्हणूनच त्याची समीक्षा व्हायला हवी.

आणखी एक. 13 जून 2025 रोजी इस्राईलने इराणवर हल्ला सुरू केला, 22 जूनला अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. दोन महिन्यांनी ही मालिका आली, जिच्यात सीआयए आणि मोसाद खांद्याला खांदा लावून इराणचा अणुकार्यक्रम रोखताहेत. मालिका त्याआधीच चित्रित झाली होती, त्यामुळे कुणी ठरवून केलं असं म्हणता येत नाही. पण प्रेक्षकाच्या डोक्यात बातमी आणि मालिका एकमेकांत मिसळतात. तेहरानमधला माणूस दोन्हीकडे नुसतं निशाण असतो.

जे चांगलं आहे तेही सांगू

इन्साफ करायचा तर पूर्ण करावा. डार्क वुल्फमध्ये मोहम्मद 'मो' फारूक नावाचा इराकी सैनिक आहे. भूमिका केलीय दार सलीम यांनी. ते बगदादचे, लहानपणी घरच्यांसोबत डेन्मार्कला गेले. मो शूर आहे, भरवशाचा आहे, बेनच्या बरोबरीने उभा राहतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी असं पात्र क्वचित दिसलं असतं. मला तो आवडला. तरी तो आवडावा म्हणून त्याला आधी अमेरिकेच्या बाजूचा असावं लागतं. त्याच्या मनात आपल्या शहराबद्दल, दोन्हीकडून होणाऱ्या बॉम्बफेकीबद्दल काय चाललं असेल, याला जागा नाही. असोसिएटेड प्रेसने 2017 च्या शेवटी केलेल्या मोजणीनुसार मोसुल सोडवण्याच्या लढाईत 9,000 ते 11,000 सामान्य नागरिक मेले. त्यातले निदान 3,200 इराकी आणि मित्रराष्ट्रांच्या हवाई हल्ल्यांत आणि तोफगोळ्यांत. 'मो'सारख्या माणसाच्या घरातलं कुणीतरी या आकड्यात नक्की असणार.

हे दाखवणं अशक्य आहे का? नाही. 2019 चा 'मोसुल' हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आहे. मॅथ्यू मायकल कार्नाहन यांनी केलाय, पैसा अमेरिकेचाच. पण संवाद जवळपास सगळे इराकी अरबीत, नायक निनवेच्या पोलिस तुकडीतली माणसं, आणि गोष्टीत अमेरिकी सैनिक नायक नाही. गोळीबार तितकाच, थरारही तितकाच. फरक एवढाच की मरणारा आणि मारणारा दोघंही तिथले आहेत आणि प्रत्येकाच्या मागे घर आहे. ज्यांनी डार्क वुल्फ बघितली त्यांनी हा चित्रपट बघावा आणि तुलना करावी.

आपल्या घरचा आरसा

आता थोडं आपल्याबद्दल. 2020 च्या रमजानमध्ये पाकिस्तानच्या सरकारी वाहिनीने तुर्की मालिका 'एर्तुग्रुल' उर्दूत आणली आणि तिचे भाग आपल्या मोहल्ल्यांतल्या मोबाइलवर फिरू लागले. लॉकडाउन होता, आम्हीही घरी बघितली. नायक नमाजी, मर्द, वचनाचा पक्का. समोर कधी ख्रिस्ती टेम्पलर, कधी मंगोल, कधी बायझंटाइन किल्लेदार. एका तलवारीत चार गर्दना. शत्रूच्या मागे घर आहे का, त्याची बायको कोण, हे आपण किती वेळा विचारलं? मशिदीबाहेर लोक भागांवर चर्चा करायचे तेव्हा एकानेही म्हटल्याचं मला आठवत नाही की यातले ख्रिस्ती फार एकरंगी आहेत. मीही म्हटलं नाही.

म्हणजे चूक तीच, फक्त बाजू बदलली. ज्या मापाने आपण अमेरिकेला मोजतो ते माप आपल्या आवडत्या मालिकेला लावायची हिंमत नसेल, तर आपली तक्रार तक्रार राहते, समीक्षा होत नाही.

म्हणून बंदीची, बहिष्काराची मागणी मला पटत नाही. बंदीने मालिका थांबत नाही, लपून बघितली जाते. हवी आहे ती बघायची तालीम. मालिकेत किती माणसांना नाव आहे? कुणाला घर आहे, कुणाला आई आहे? कोण आपल्या भाषेत बोलतो आणि ते बोलणं भाषांतर होऊन आपल्यापर्यंत पोचतं का? मेलेल्यासाठी कुणी रडतं का? हे चार सवाल मराठीत, उर्दूत, कुठल्याही परीक्षणात विचारता येतात. त्यासाठी माजी सैनिक असावं लागत नाही. आपल्यात लिहिणारी मुलं-मुली आहेत. त्यांनी कविता आणि राजकारण यांच्यासोबत पडद्यावरही लिहावं. परीक्षण बाहेरच्यांनी करायचं आणि आपण फक्त दुखावून घ्यायचं, ही वाटणी आता मोडायला हवी.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. रागावलो नाही. त्याला म्हटलं, त्या कैद्याच्या आधीची गोष्ट एक पानभर लिही, तो तुझ्या वयाचा असताना मोसुलमध्ये काय करत असेल. वाईट माणूसच दाखव, हरकत नाही, पण कसा झाला ते सांग. भाषा तुझी तू निवड. त्याने डोकं खाजवलं. "सर, पण त्याचं नाव काय होतं?" मालिका मीही पूर्ण बघितली होती, आणि मला नाव आठवत नव्हतं. मी म्हटलं, तूच एक ठेव.

पान अजून आलेलं नाही. मी वाट बघतोय.